चोकचा सूर

आत जाताना हत्यारं मोजतात, बाहेर येताना पुन्हा मोजतात.
एकोणचाळीस. पक्कड, टेस्टर, तीन पाने,
आणि तो एक पंचकोनी बिट,
ज्याच्याशिवाय इथला एकही स्क्रू वळत नाही.
हॅडली बाई नाव वाचतात, मी हात लावून दाखवतो.

ग्रिम्सबीच्या बाहेर, खाडीच्या वाऱ्यात तुरुंग.
सी विंगमधल्या चारशे बारा जुन्या पट्ट्या
उतरवून तिथं एलईडी बसवायचे.
कंत्राटात वापराचे तास लिहिलेत : वर्षाला आठ हजार सातशे साठ.
मी विचारलं, आकडा चुकला का?
कारकून म्हणाला, नाही. वर्षात तेवढेच असतात.

मी इचलकरंजीचा.
आमच्याकडे मागांवर साखळीला ट्यूब लोंबायची,
बापानं स्टार्टर फिरवून फिरवून रात्रपाळ्या काढल्या.
लाइट गेली की माग थांबायचे
आणि कानात एकदम गाव शिरायचं :
कुत्री, कुणाचा रेडिओ, कुणाची खोकल्याची उबळ.
लाइट यायची वाट बघणारी माणसं मला ठाऊक होती.
जायची वाट बघणारा
इथं भेटला.

प्रॉक्टर, खोली दोनशे एकोणीस.
मी त्याच्या डोक्यावरची पट्टी उतरवली.
पिवळ्या पडलेल्या झाकणात माश्या, पतंग, एक अख्खी गांधीलमाशी,
कितीतरी उन्हाळ्यांची साय.
बाईंच्या यादीत त्यांना रकाना नव्हता.
मी पिशवीत ओतल्या.

तो दाराशी उभा. म्हणाला, ते गुणगुणतं ते काय असतं?
चोक, मी म्हणालो, आणि काढून त्याला दाखवला :
गंजलेला, जड, पाव किलोच्या वजनाएवढा.
त्यानं ओठ मिटून तो सूर काढला. अगदी तोच. जरासा खालचा.
एकोणीस वर्षं ह्याच्यावर सूर धरून झोपतोय, म्हणाला.
नवा दिवा गप्प असतो, मी सांगितलं,
छत्तीस वॅटचं काम अठरात करतो.
आणि उरलेले अठरा? कुठं जातात?
कुठंच नाही. जळतच नाहीत.
तो थोडा वेळ नव्या दिव्याकडे बघत राहिला.
सुटले म्हणजे.

नव्या दिव्याला रात्र आहे, पाच टक्क्यांची.
पूर्ण विझायचं नाही, तसं कलमच आहे.

डिसेंबरातला बुधवार, पावणेचार, दिवस बुडालेला.
भिंतीतली कधीची तरी वायर, बोट लावलं तर तिचं कातडं भुग्यासारखं गळलं,
आणि दुसरा मजला ट्रिप झाला.
आणीबाणीच्या दिव्यांची बॅटरी मेलेली.
तीही माझ्याच यादीत होती, गुरुवारच्या पानावर.

आधी दारांवर लाथा. शिट्ट्या. एक घाणेरडा विनोद, त्यावर हसू.
मग टोकाकडून कुणीतरी नुसतं शूऽ केलं
आणि सगळा मजला
ऐकायला बसला.
खिडक्यांतून खाडी दिसत होती,
भरतीसाठी थांबलेल्या जहाजांचे दिवे,
आणि वर, सवयीच्या बाहेरचं, आकाश.
हॅडली बाईंनी बॅटरीचा झोत दारांवर नाही टाकला,
स्वतःच्या बुटांवर धरून ठेवला.
कुणीतरी मोजत होतं हळू आवाजात. तारे असतील. जहाजं असतील.
वाऱ्याला मासळीचा वास होता, तो सकाळपासून असणार.

मी वायर कापली, जोड बांधला, पेटीपाशी आलो.
खटक्यावर अंगठा ठेवला.

बाहेर पडताना बाईंनी मोजलं. एकोणचाळीस, बरोबर.
अहवालात मी अंधार अकरा मिनिटांचा लिहिलाय.
दुरुस्ती कितव्या मिनिटाला संपली
ते विचारणारा रकाना
त्याही कागदावर नाही.