अकारविल्हे

सांगलीच्या मार्केट यार्डात तिसऱ्यांदा गेलो
तेव्हा फोन खिशातच ठेवला.
पहिल्यांदा दाखवलं होतं, दुसऱ्यांदा समजावलं.
दोन्ही वेळा बायडाक्का मुकादमीण म्हणाली, "ब्येस हाय की,"
आणि हजेरी पुन्हा खडूनं भिंतीवर.

आज पोत्यावर बसलो, नुसता बघत.
हळद नाकात, भुवयांत, वहीच्या शिवणीत.
तिचा अंगठा इतका भेगाळलेला
की काचेला तो अंगठा वाटतच नाही;
करंगळीचं पेर पदराला पुसून ती दाबते
आणि शेवंताची हजेरी लागते शालनच्या नावावर.

मी नावं अकारविल्हे लावली होती.
तिला बायका ठाऊक बसल्या जागेवरून:
खांबाजवळची, पंख्याखालची,
दारातली, जिचं पोर झोळीत आहे ती.

रात्री लॉजवर सगळं पुसलं.
कागदावर काढला खांब, पंखा, दार, झोळी,
चौकटी दोन बोटं मावतील एवढ्या.

सकाळी तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला.
बराच वेळ.
मग बोट टेकवून म्हणाली,
"खांब हितं पायजे. म्या ह्या अंगाला बसती न्हवं."

बोट उचललं तिथं पिवळा डाग.
खांब तिथं नेला.