खळ

स्पॉल्डिंगला जमीन इतकी सपाट
की बटाट्यांचा ट्रॅक्टर वावरातून निघाल्यापासून
फाटकात पोचेपर्यंत दिसतच राहतो.
त्यातले फुटके, हिरवट आमच्या वाट्याला.
किसायचे, धुवायचे, पाणी निवळू द्यायचं.
तळाशी बसतं ते पिष्ट
चिमटीत दाबलं की करकरतं,
नव्या चपलेसारखं.

मग पाण्यात शिजवायचं, ढवळत,
पांढरेपणा जाईतो.
डेस्मंड म्हणतो, जेल.
मी मनात म्हणते, खळ.
बार्शीला, पोलीस चौकीमागच्या लाँड्रीत
दादा भगुण्यात हीच घोटायचे
आणि हवालदारांचे गणवेश उभे राहायचे,
आत माणूस नसतानाही.

इथे ताठपणा कुणाला नको.
हलकं हवं. इतकं की
काचेचा दिवा खोक्यात ठेवून
कुरियरवाल्यानं भिरकावला तरी चालेल.
म्हणून खळ गोठवायची
आणि यंत्रात ठेवून बर्फाला म्हणायचं, निघ आता.
पण पाणी होऊन नाही.
पाणी झालास तर सगळं बसेल,
भिंती एकमेकींच्या अंगावर.
थेट वाफ हो.
न रडता उठून जाणारी माणसं असतात, तसा.

बारा वेळा बसलं.
सहावा तुकडा पापड झाला,
नववा किडक्या दातासारखा.
बाराव्याच्या रात्री भावाचा फोन आला.
मी तेरावा लावला
आणि दोन दिवस पंपाचा आवाज ऐकत बसले.
डेस्मंडनं काही न विचारता चहा ठेवला,
साखर घालून. मी साखर घेत नाही.
प्यायले.

तेरावा उभा राहिला.
काडेपेटीएवढा, वजन सव्वा ग्रॅम.
भिंगाखाली खोल्याच खोल्या:
बर्फ जिथे जिथे होता
तिथे त्याच्या मापाची जागा,
कुणी आवरलेली नाही.

संध्याकाळी तो कोटाच्या खिशात टाकून निघाले.
हे नियमात बसत नाही.
बसथांब्यावर भुरभुर लागली. बस उशिरा.
घरी येऊन खिशात हात घातला तर
कोमट, चिकट,
बोटांना ओळखीचं काहीतरी.

कोट तसाच रेडिएटरवर टाकला.
सकाळी खिसा ताठ,
उघडा,
आत कुणी मूठ ठेवून गेल्यासारखा.