उघाडी

खारबंदिस्तीच्या टोकाला, तिवरांच्या मुळांत रोवलेल्या खांबावर
मी एक डबी बसवली होती,
पाणी किती खारं ते तासातासाला पेणला कळवणारी.
चार सेल. हिशोबाने सहा महिने.
अकराव्या दिवशी ती मुकी झाली.

पुन्हा होडी, पुन्हा गुडघाभर चिखल, पुन्हा चार सेल.
पुन्हा अकरा दिवस.

चिप तर झोपत होती,
मीच कोडमध्ये झोपवली होती तिला.
पण शेजारचा सेन्सर, रेडिओ, ती मिरीएवढी लाल एलईडी
सगळे टक्क जागे,
यजमान निजला तरी पत्ते कुटणाऱ्या
लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे.

हसुरामदादा उघाडीच्या फळ्या ठोकून बघत होता.
डबीकडे मान वळवून म्हणाला,
"ही सगली येल उघरीच का रं?"

उघाडीला कुणी उघडत नाही.
ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, झडप आपसूक लोटते,
शेतात साचलेलं निघून जातं.
भरती चढली की समुद्रच तिला पाठीने दाबून धरतो.

त्या रात्री तांदळाएवढा मॉस्फेट बसवला, पी-चॅनेल.
गेट खाली ओढलं, वाट मोकळी.
वर सोडलं, बंद.
सेन्सरची वीज तोडली
आणि एलईडी तेवतच राहिली.
मंद. कुणीतरी अंधारात ओढत बसलेल्या विडीसारखी.

"ह्या चिंबोऱ्यांचा काम,"
सकाळी दादा बांधाच्या कुशीत हात घालून म्हणाला,
कोपरापर्यंत.
झडप कितीही घट्ट असो,
बिळांतून खारं पाणी आत येतंच.
तो बांधाबद्दल बोलत होता. मी घरी धावलो.

डेटाच्या दोन तारा!
दार लावलं होतं, आणि वीज त्यांतून झिरपत होती.
आता निजण्याआधी त्या पिनाही खाली ओढतो.
मल्टिमीटर: सात मायक्रोअँप.

एक खोड राहिली आहे.
सेन्सरला उठवून लगेच विचारलं तर काहीबाही सांगतो,
म्हणून पाव सेकंद थांबतो, मग विचारतो.
दादालाही चहाआधी काही विचारू नये.

आत्ता तो तिवराच्या सावलीत निजलाय,
तोंडावर टोपी, पाय चिखलात.
हाक मारणारं जवळ कुणी नाही.
पाणी वळलं.
तो उठून बसला.