आठ हॉर्सपॉवर

मे महिन्याच्या दुपारी दसरू मारबतेनं
छोट्या हत्तीतून माझ्या शेडात उतरवलं
गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी,
आजारी पाहुण्याला धरून आणावं तसं.
"ताई, पाहा बरं इले. आता पाण्यात जोरच नाई करत."

मी पंप दुरुस्त करते. विहिरीचे, बोअरचे, कूलरचे.
होडीचं इंजन कामठी रोडवर
कुणी आणलं नव्हतं आजवर.
आठ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक,
निळा रंग उडून उरलेला करडा,
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं, वंदना.
बायको की मुलगी, मी विचारलं नाही.

प्लग काढले तर दोन्ही काळेकुट्ट, ओले.
"ऑइल किती टाकता?"
"हाताच्या अंदाजानं."
हात सढळ होता त्याचा.
पिस्टनवर काजळी, जाळावरच्या भगुल्यासारखी,
लाकडाच्या चपटीनं खरवडली, लोखंड लावलं नाही.
कार्बोरेटरच्या जेटमध्ये तारही घालू नये,
भोक मोठं झालं की पेट्रोल पिऊन टाकतं.
दसरूनं खिशातून जाळ्याचा नायलॉन काढला,
दाताने तोडून माझ्या हातात दिला.
बरोब्बर गेला.

इम्पेलरची पाती एका अंगाला झोपलेली,
ती मी पंपवाल्यांच्या कचऱ्यातून जुळवली.
पंख्याच्या कडेला दगडाचे तीन चावे,
कानस मारली, अंगठा फिरवला, पुन्हा मारली.
मग कॉम्प्रेशन : वरच्याला एकशे दहा, खालच्याला एकशे आठ.
मी गेज झटकलं, परत लावलं. तेच.
हे म्हातारं नाही, मी म्हटलं.
दसरू गप्प. त्याला वाईटच वाटलं थोडं,
नवीन घ्यायचं त्यानं मनात ठरवून ठेवलेलं असावं.

ड्रममध्ये टँकरचं पाणी भरलं.
शेजारच्या बेबीनंदाबाई ओट्यावरून :
"मानसाले प्यायले नाई, अन् तू इंजनले पाजून राह्यली!"
तिसऱ्या दोरीला धरलं.
मागून बारीक धार सुटली, सरळ, न थांबता,
दसरू लहान पोरागत हसला.

वेणा धरणावर मात्र
नाव तशीच. नाक वर, बूड खाली,
चिखलातल्या रेड्यासारखी.
मागच्या फळीवर सागाची पट्टी ठोकून
इंजन इंचभर उचललं,
तिरपेपणाची खीळ एक भोक अलीकडे घेतली.
फरक पडला. सांगण्यासारखा नाही.

मग मी उगाच तळाची फळी वाजवली.
ठक्क यायला हवं होतं.
थप्प आलं.

फळ्या उचकटल्या. खाली थर्माकोल,
कुणी कधी भरलेला, बुडू नये म्हणून.
हातात घेतला तर पिळता येत होता.
किती पावसाळे, किती पहाटा,
थेंबाथेंबानं आत जाऊन बसलेल्या.
बुटीबोरीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर
त्रेचाळीस किलो भरलं.
"म्हंजे मी रोज," दसरू बोटं मोडत म्हणाला,
"एक मानूस फुकट फिरवत होतो?"
"रोज."
"अन् शिव्या देत होतो वंदनाले."

कोरडे डबे बांधले त्या जागी, झाकण घट्ट लावून,
आणि दोरी ओढली.
नाव उठली. पाण्यावर बसली नीट,
जशी पाटावर बाई बसते, मांडी सावरून.
मी काठावर घड्याळ धरून होते :
पलीकडच्या बाभळीपर्यंत अकरा मिनिटं.
पूर्वी वीस लागायची, म्हणे.

परवा फोन आला त्याचा, पहाटे साडेचारला.
मला वाटलं, बंद पडलं.
"नाई ताई, चालून राह्यलं भन्नाट.
पन लवकर पोचलो नं बापा.
अजून अंधार हाय. जाळं दिसत नाई.
नुसता बसून हाओ."

मागे कुठेतरी टिटवी ओरडत होती.
त्याला फोन ठेवायचा नव्हता.
मीही ठेवला नाही.