अर्धी नळी

आर्वीच्या रस्त्यावर, शालिकमामाच्या दुकानात
बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले आहे.
पडद्यावर एक नळी, बोटाएवढी.
एका टोकानं थंड वायू शिरतो,
मधे विजेची ज्योत ताणून धरलेली,
दुसऱ्या टोकानं किती तापून निघेल
ते काढायचंय.

अर्धीच नळी मांडते मी.
उरलेली अर्धी तशीच असणार, असं धरून.

डोळ्यांवरची काच वर करून मामा डोकावतो.
"हे तुह्यं सरळच जळते का वं?"
मधोमध, म्हणते. भिंतीमागं पाणी खेळवलंय,
आत बारा हजार अंश.
"अन् वारा?"
वारा म्हणजे तोच ना मामा, जो तापतोय.
"मंग तो तिले वाकवत नसन का?"

उत्तराची वाट न बघता
त्यानं डवऱ्याच्या पासेला रॉड टेकवला.
ज्योत एका अंगाला झुकली,
चरचर बदलली,
तसा न बघता त्याचा हातही.

एवढ्यात लाइन गेली.
पास लाल होती, मग काळी.
माझ्याकडे बॅटरी होती;
पडद्यावरची ज्योत जळत राहिली,
सरळ,
मी सांगितलं होतं तशी.

मामा बिडी शोधत होता.
मी मधली रेघ पुसली
आणि अख्खी नळी काढायला घेतली.