परवाचं जेवण

वार्ड्योत जानेवारीत सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमारास खाडीवर निळसर काहीतरी येतं,
शाळेच्या खिडक्यांना शिवतं
आणि दीडच्या आत आलं तसं निघून जातं.
आमच्या घरात म्हणून वार ओळखायचे
ते डब्यांच्या झाकणांवरून.

रविवारी मी सहा वार शिजवते.
सोमवार सोपा. कॉडच्या वड्या, उकडलेला बटाटा.
मंगळवारात बार्ली आणि मटणाचं हाड, मंद आचेवर तीन तास.
बुधवार जरा लबाड आहे,
त्यात गाजर इतकं बारीक किसलंय
की एस्किलला भिंग घेऊन बसावं लागेल.
गुरुवार पिवळ्या वाटाण्यांचा. शुक्रवार कोबीचा,
आणि कोबीबद्दल मी काहीच बोलत नाही.
शनिवारी तांदळाची खीर,
दालचिनी वेगळ्या पुडीत, मधोमध लोण्याचा डोळा घालायची सूचना.
शिवाय शाळेसाठी काळ्या पावाचे काप,
दोन कापांमध्ये कागद,
तपकिरी चीज सिन्नेला पातळ, एस्किलला जाड,
उलट झालं तर घरात रणकंदन.

शेजारची ओस्लॉग संध्याकाळी मुलांपाशी बसते.
चांगली आहे बाई. पण फ्रीझर उघडून
परवा म्हणाली, शिळं घालतेस गं लेकरांना.

कालचं केलेलं ते शिळं, कबूल.
पण उद्याचं आजच केलं, तर त्याला काय म्हणायचं?
ताजं नाही. शिळंही नाही.
अजून न आलेल्या दिवसाच्या पोटात
आधीच जाऊन बसलेलं काहीतरी.
परवा रांधलेलं परवा खातील.
मागचा परवा नि पुढचा परवा
एकाच शब्दात राहतात,
मधल्या दिवसांत मी बोटीवर असते.

पहाटे साडेतीनला बोट धक्क्याला लागते.
मी दोनशे माणसांचं रांधायला जाते.
चाळीस किलो बटाटे, मोजमाप हाताला पाठ,
कोण जेवलं, कोणी ताटात टाकलं, मला कळतही नाही.
घरच्या मात्र दोन वाट्या
मी डोळे मिटून भरलेल्या पाहू शकते.

गुरुवारी फोन लागला.

आई, आम्ही मंगळवारी शनिवार खाल्ला.
का रे?
वीज गेली होती. ओस्लॉग म्हणाली, वितळेल सगळं.
मग आम्ही आठवडा बाहेर बर्फात ठेवला, पायरीवर.
बरं केलंत.
आणि बुधवार समुद्रपक्ष्यानं नेला.
डब्यासकट?
डबा सापडला. झाकण नाही.
थोडा वेळ फोनवर नुसता वारा.
मग अगदी हळू,
बुधवारात गाजर होतं ना, आई?
होतं.
त्याला आवडलं बहुतेक.

मी हसले, आणि कढईतला कांदा करपला.
काय गंमत आहे,
एवढं आखलं, कापलं, झाकलं, वर तारखा लिहिल्या,
आणि वादळानं पत्ते पिसावेत तसा
माझा आठवडा पिसून टाकला.
तरी पोरं उपाशी नव्हती.
क्रम गेला, अन्न राहिलं.

शनिवारी रात्री घरी आले. दोघं झोपलेली.
पायरीवर पाच रिकामे डबे, धुतलेले,
धुतले म्हणजे एस्किलनं धुतलेत, इतपत.
फ्रीझरच्या दारावर पुढच्या आठवड्याची यादी,
त्याच्या वाकड्या अक्षरात:

सोमवार – शनिवार
मंगळवार – शनिवार
बुधवार – पक्ष्याचं
गुरुवार – शनिवार

आणि तळाशी, बारीक पेन्सिलीनं, सिन्नेच्या नीटस वळणात:
शुक्रवार – कोबी चालेल,
पण आई घरी असेल तेव्हा.

मी कोट न काढताच
गाजरं पाण्यात टाकली.