रकाना नऊ

पुराच्या दिवशी अर्जदार कुठे राहत होता?

मुजावर मॅडमनी पेनाचं टोपण दातात धरलं.
खिडकीतून मार्केट यार्डाची हळद
नाकातोंडात बसत होती.

सूर्यवंशी प्लॉटातली माझी खोली
पत्र्यापर्यंत बुडाली, मागची भिंत खचली,
हे पंचनाम्यात आहे.
मी तिथं नव्हतो, हेही आहे.

मी जेलात होतो, मॅडम.
इथल्याच. थकलेल्या पगारावरून मारामारी,
समोरच्याचा हात मोडला, चौदा महिने.
पाणी तिथंही आलं.
तांदळाची पोती डोक्यावर घेऊन
आम्ही वरच्या बराकीत चढवली.
एका हवालदाराला पोहता येत नव्हतं,
त्याचा पट्टा मी रात्रभर धरून होतो.
त्याचा पंचनामा झाला नाही.

आता सांगलीवाडीत जिनगोंडा अण्णांची खोली बघितलीय.
अडीच हजार भाडं, नळ सामाईक.
अण्णा म्हणतात, पोलिसांचा दाखला आण.
ठाण्यात म्हणतात, भाडेकरार आण.
करार डिपॉझिटवर अडलाय,
डिपॉझिट तुमच्या अनुदानावर,
आणि अनुदान
ह्या बोटभर रकान्यावर.

मॅडमनी टोपण काढलं, शिपायाकडं बघितलं,
तो पंख्याकडं बघत होता.
मग सावकाश लिहिलं :
शासकीय निवासस्थान.

आणि मान वर न करता विचारलं,
वीजबिल कुणाच्या नावावर होतं?

ते नाही ठाऊक.
पण दिवा, पाणी येईपर्यंत,
रात्री कुणी मालवत नव्हतं.